कंपनीच्या नळीला भोक नाही

मिस्त्री पंजा वर करतात आणि आम्ही दोघं बोलायचे थांबतो. शेजारचा लेथ मात्र थांबत नाही. कोल्हापुरातल्या उद्यमनगराच्या या बोळात सकाळी नऊपासून लोखंड कापलं जातं. त्या किरकिरीतून मिस्त्रींना एकच आवाज वेगळा काढायचा आहे. भाचा गाडीवर बसलाय. ६५० सीसीची, दोन सिलिंडरची, १४ महिन्यांची गाडी. तो मूठ पिळतो, काटा ४,००० वर नेतो आणि सोडून देतो. डाव्या सायलेन्सरमधून फट्, फट्फट् असे बार उडतात. उजवा गप्प असतो.

“परत.”

फट्, फट्.

“परत एकदा. आता बंद कर.”

मिस्त्री गुडघ्यावर बसतात आणि बॅटरी लावून डाव्या नळीचा जोड बघतात. इंजिनाकडून येणारी नळी जिथं नव्या सायलेन्सरमध्ये घुसते, तिथं क्लॅम्पच्या कडेनं बोटभर काळा पट्टा उमटलाय. ते त्यावर चिंधी फिरवून भाच्यासमोर धरतात.

“काजळी. जोड हवा वढतोय. सायलेन्सर कुणी बसवला?”

“मीच,” भाचा म्हणतो. “व्हिडिओ बघून.”

मिस्त्री रागावत नाहीत. ते मला समजावतात, म्हणजे खरं तर त्याला. चालत्या गाडीत मूठ सोडली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल तोडतो. नळीत थोडं न जळलेलं मिश्रण उरतं. सैल जोडातून बाहेरची हवा आत आली की ते तिथंच पेटतं. हा आवाज ऐकूनच भाच्यानं ठरवलं होतं की गाडी ‘लीन’ चालतेय, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, आणि त्यावर फ्यूएल ट्यूनर हाच इलाज आहे. ११,५०० रुपये मोजून आणलेलं ते लाल पट्टीचं खोकं कोपऱ्यातल्या बाकावर आहे. सील अजून फोडलेलं नाही. फोडू नको, असं काल रात्री मीच त्याला फोनवर सांगितलं. आज सुट्टी काढून इथं आलोय तो त्यासाठीच.

माझं यात काम काय, ते सांगायला हवं. एका वितरकाच्या शोरूममध्ये मी २२ वर्षं वॉरंटीच्या टेबलावर होतो. बिघडलेला भाग बघायचा, फोटो काढायचे, दावा कंपनीकडे पाठवायचा किंवा नाकारायचा. माझ्या सहीनं कित्येकांचे हजारो रुपये वाचले आणि काहींचे बुडले. बुडलेल्यांपैकी दोघं अजून माझ्या मनातून गेलेले नाहीत. त्यातल्या एकामुळे मला हे मिस्त्री भेटले.

पोरगा नवा गॅस्केट आणतो. मिस्त्री क्लॅम्प सोडवतात, सायलेन्सर दोन बोटं आत सरकवतात आणि पुन्हा आवळतात. गाडी सुरू होते. ४,००० पर्यंत मूठ जाते आणि सुटते. एक बारीक फुसका आवाज येतो, मग काही नाही.

भाच्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि खट्टूपणा एकदमच येतात. “पण मामा, इंजिन तापतंय त्याचं काय? महाद्वार रोडला गर्दीत गुडघे भाजतात. आणि ३,००० वर एकसारखी धरली की झटके देतीय.”

“मोजूया की,” मिस्त्री म्हणतात. “मोजल्याबिगर कसं कळणार?”

मोजण्याची तयारी त्यांनी काल संध्याकाळीच केली आहे, आणि मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथंच. नळीतल्या धुरातला ऑक्सिजन मोजायचा तर तिथं वाइडबँड सेन्सर बसवावा लागतो. गाडीचा स्वतःचा सेन्सर नॅरोबँड आहे. मिश्रण बरोबर रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच तो सांगतो, ०.४५ व्होल्टच्या आसपास खालीवर होत. किती अलीकडे, किती पलीकडे, हे त्याला सांगता येत नाही. तो काढून वाइडबँड लावला तर ईसीयू आंधळा होतो आणि डॅशवर पिवळा दिवा लागतो. म्हणून बहुतेक ठिकाणी नळीला ड्रिल मारून जास्तीची बुशी वेल्ड करतात. काम झालं की ती टोपीनं बंद करतात आणि ती जखम कायमची राहते. या मिस्त्रींकडे अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीची नळी आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट. तिलाच त्यांनी बुशी लावून घेतली आहे. तपासणीपुरती ती बसवायची आणि संपलं की गिऱ्हाइकाची नळी जशीच्या तशी परत.

“कंपनीच्या नळीला भोक पाडायचं नाही,” ते म्हणतात. “पाडल्यावर बुजवता येत नाही, आणि बुजवलं तरी दिसतंय.”

भाच्याची मूळ नळी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. तिच्या तोंडाला फडकं बांधलंय.

टाकीवर पट्ट्यानं एक गोल मीटर बांधला जातो. लॅपटॉप माझ्या पाठीवरच्या पिशवीत. भाचा चालवणार, मी मागं बसून आकडे बघणार. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. मिस्त्री भाच्याला बजावतात: चौथ्या गिअरमध्ये ६० चा वेग दोन मिनिटं एकसारखा धरायचा. मग रिकामा पट्टा बघून तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० पासून मूठ पूर्ण उघडायची आणि ८० च्या आत सोडायची. “त्याच्या वर काय बघायचं नाही. आकडा तेवढ्यातच मिळतोय.”

आम्ही निघतो. राजारामपुरी मागं पडते, मग शिवाजी विद्यापीठाचं आवार, मग सरनोबतवाडीच्या बाजूनं महामार्ग. सहापदरीकरणाच्या कामानं रस्ता जागोजाग वळवलाय; बॅरिकेड, खडी, मग अचानक लांबलचक काळा पट्टा. उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या हलवत पुढं चाललाय. त्याच्या मागं असताना मला वाटतं, हाच ऊस आपल्या टाकीत आहे. साखर कारखान्यांतूनही निघणाऱ्या इथेनॉलचं प्रमाण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांवर गेलंय. ट्यूनर घेताना ज्या गोष्टी कोणी सांगत नाही, त्यातली ही पहिली. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळायला १ भागाला १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला ९ पुरतात. २० टक्के मिसळलं की हिशोब साधारण साडेतेरावर येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बेतलेला परदेशातला नकाशा, ज्याला पोरं ‘मॅप’ म्हणतात, तो उचलून इथल्या गाडीत टाकला तर तो इथल्या इंधनाला कमीच पडतो. मिस्त्री म्हणून १४.७ च्या भाषेत बोलतच नाहीत. त्यांचा मीटर लॅम्डा दाखवतो: बरोबर मिश्रणाला १.००, मग इंधन कुठलंही असो. त्याच्या खाली पेट्रोल जास्त, वर गेलं की कमी.

६० चा वेग. भाच्याच्या खांद्यावरून मी मीटर बघतो. ०.९९, १.०१, ०.९८, १.००. एका तालात झुलतोय. ईसीयू जागा आहे, सेन्सर त्याला सांगतोय, तो मिश्रण जागेवर आणतोय. इथं लीन काही नाही.

रस्ता मोकळा होतो. तिसरा गिअर. “धरा मामा!” मूठ उघडते, माझी मान मागं जाते, गोकुळ शिरगावची पाटी बाजूनं सरकते. ०.९४, ०.९२, ०.९१, ०.९१. मूठ सुटते. पुन्हा एकदा. ०.९१. तिसऱ्यांदा ०.९२.

परत आल्यावर मिस्त्री लॅपटॉप उघडतात. उभ्या रांगेत इंजिनाचे फेरे, आडव्या रांगेत मूठ किती उघडी, प्रत्येक चौकोनात आकडा. डावीकडचे चौकोन सगळे १ च्या आसपास. उजवीकडच्या दोन रांगा ०.९१. त्या रांगांवर ते पेन्सिल टेकवतात.

“मूठ पूर्ण उघडल्यावर मला ०.८८ आवडलं असतं. जोर तिथं मिळतोय आणि पिस्टन बी थंड राहतोय. म्हणजे तीन टक्के पेट्रोल कमी पडतंय. तीन.”

“मग लावूया की ट्यूनर,” भाचा म्हणतो.

“तीन टक्क्यासाठी?”

चहा येतो. चहाबरोबर ते कपाटातून तीन वस्तू काढून फळीवर ठेवतात. गिऱ्हाइकांना दाखवायला त्या जपून ठेवल्यात.

पहिली काडेपेटीएवढी डबी. हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत ती बसते आणि ईसीयूला खोटं सांगते की बाहेर थंडी आहे. थंड हवा दाट असते म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवतो. स्वस्त आहे, दहा मिनिटांत बसते. पण ती सगळीकडे सारखंच वाढवते, गरज असो नसो. “हे म्हणजे सगळ्या घराला एकच औषध,” मिस्त्री म्हणतात आणि डबी बाजूला सारतात. तिच्यावर वेळ घालवायची त्यांची इच्छा नाही, माझीही नाही.

दुसरा भाच्याच्या खोक्यातल्यासारखाच, पिगीबॅक. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये बसतो. ईसीयूनं ‘इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघड’ म्हटलं की हा ते ऐकतो, आपल्या नकाशात बघतो आणि थोडं वाढवून किंवा कमी करून पुढं पाठवतो. ६,००० फेऱ्यांवर चार स्ट्रोकांचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पुरं होतं, तेवढ्यात हे सगळं घडायला हवं. काही पिगीबॅक ठिणगीची वेळही पुढंमागं करतात. बंगळुरूत रेस डायनॅमिक्सनं भारतीय गाड्यांसाठी पॉवरट्रॉनिक बनवला, त्यात पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही आहेत. वॉरंटीत असलेल्या गाडीच्या ठिणगीला हात लावू नये, या मताचा मी आहे. पेट्रोल थोडं जास्त झालं तर प्लग काळा होतो. ठिणगी चुकली तर पिस्टन जातो.

निवडताना बघायचं ते इतकंच: जोडण्या मूळ कपलरमध्येच बसतात का, एकही वायर न कापता. नकाशा स्वतःला वाचता येतो का, की तो कुलूपबंद आहे. आणि खोक्यात ‘ऑक्सिजन सेन्सर बंद करायची टोपी’ आहे का. असेल तर ती वस्तू घेऊच नये. सेन्सर बंद केला की ईसीयूची चाचपणी संपते. मिश्रण सतत दाट राहिलं तर कन्व्हर्टर, जो लॅम्डा १ च्या आसपासच नीट काम करतो, नुसता तापत राहतो आणि विषारी धूर तसाच बाहेर जातो. गर्दीत आपल्या मागं स्कूटरवर कोणाचं तरी लहान पोर असतं.

तिसरी वस्तू नुसती केबल आहे. ईसीयूची आतली माहितीच पुसून नवी लिहायची, ज्याला फ्लॅश म्हणतात. काम सगळ्यात नेटकं, जास्तीची वायर नाही, डबा नाही. शर्यतीच्या गाडीला मिस्त्री हेच करतात. पण शोरूमचं यंत्र जोडलं की आतल्या लिखाणाचा क्रमांक मूळ क्रमांकाशी जुळत नाही, हे पहिल्या मिनिटाला कळतं. आणि सर्व्हिसिंगमध्ये कंपनीनं नवं सॉफ्टवेअर भरलं तर तुमचे पैसे त्या क्षणी पुसले जातात.

भाचा ऐकतो आणि हळूच म्हणतो, “पिगीबॅक सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी काढून ठेवला तर? दहा मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणार?”

मिस्त्री माझ्याकडे बघतात. त्यांना ठाऊक आहे की याचं उत्तर मीच द्यायला हवं.

एक तरुण होता. गाडी टेम्पोतून आणलेली, पिस्टनच्या डोक्याला भोक पडलेलं. त्यानं सांगितलं, काही बदल केलेला नाही. मी सीट उचलली. आतल्या सगळ्या धुळीत बॅटरीशेजारी एक चौकोन लख्ख स्वच्छ होता, खोक्याच्या मापाचा. इंजेक्टरच्या कपलरची जीभ तुटलेली होती. मी फोटो काढले, दावा नाकारला आणि सही केली. नियमानं बरोबर होतं. सहा महिन्यांनी तीच गाडी या गॅरेजात आली. मिस्त्रींनी पेट्रोल पंपाचा दाब मोजला. ३ बार हवा, तो २ च्याही खाली होता. पंप मुळातच कमजोर होता. पेट्रोल कमी पडून पिस्टन गेला तो पंपामुळे. ट्यूनर उलट पेट्रोल वाढवत होता. वॉरंटीत बसणारा सरळ दोष होता, पण खोटं सापडल्यावर पंपापर्यंत कोणी गेलंच नाही. मीही गेलो नाही. मिस्त्रींनी मला शोरूममध्ये फोन करून हे सांगितलं, त्या दिवसापासून आमची ओळख. तोवर तो मुलगा गाडी विकून मोकळा झाला होता.

“दुसरी गोष्टबी सांगा,” मिस्त्री म्हणतात.

दुसरी सांगायला मला जास्त जड जातं. २०१२ चा पावसाळा. गडहिंग्लजचे एक शिक्षक. स्पीडोमीटरमध्ये पाणी शिरून तो बंद पडलेला. गाडीला बाहेरचा सायलेन्सर होता, त्यांनी तो लपवला नव्हता. वरून सूचना आली की बाहेरचा भाग लावलाय, वॉरंटी रद्द समजा. सायलेन्सरचा आणि स्पीडोमीटरच्या काचेचा काय संबंध, असं त्यांनी मला शांतपणे विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी सही केली.

दोन वर्षांनी, २५ ऑगस्ट २०१४ ला, भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला. त्या आदेशातला एक भाग मी तेव्हा दोनदा वाचला. ग्राहकानं बाहेरून दुरुस्ती करून घेतली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. त्यावर पुढं अपिलं झाली. आदेश चारचाकींच्या कंपन्यांबद्दल होता, आणि दुरुस्तीबद्दल होता, गाडीत केलेल्या बदलांबद्दल नव्हता. तो दाखवला की शोरूम वॉरंटी देईल, असं मी भाच्याला सांगणार नाही. पण त्यातलं न्यायाचं सूत्र मला पटतं: ज्या बदलानं जे बिघडलं, तेवढंच त्याच्या माथी. गडहिंग्लजच्या गुरुजींना मी नंतर पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

भाचा मोबाइल काढतो. त्यात एक अमेरिकन माणूस छातीठोकपणे सांगतोय की कंपनी वॉरंटी नाकारूच शकत नाही. मी त्याला सांगतो, तो माणूस १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याबद्दल बोलतोय, आणि तो कायदा तिकडचा आहे. तिथल्या व्यापार आयोगानं २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनला वॉरंटीच्या अटींवरून खेचलं हेही खरं. पण त्याच देशात २०१६ मध्ये त्याच कंपनीला, धूर वाढवणारे सुमारे ३ लाख ४० हजार ट्यूनर विकले म्हणून १ कोटी २० लाख डॉलरचा दंड मान्य करावा लागला. त्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडचा कायदा याहून थेट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही; सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीशिवायच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलीस जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून रोलर फिरवतात, ते फोटो भाच्यानंच मला पाठवलेत.

“डीबी किलर आत हाय न्हवं?” मिस्त्री विचारतात.

भाचा खाली बघतो. खिशातून नाही, पिशवीतून, फडक्यात गुंडाळलेल्या दोन छिद्राछिद्रांच्या नळ्या निघतात. आवाज दाबणारे ते भाग त्यानं पहिल्याच दिवशी काढलेले. मिस्त्री न बोलता ते घेतात, दोन्ही सायलेन्सरांत बसवतात, स्क्रू आवळतात आणि वर तारेची गाठ मारतात. गाडी सुरू होते. बोळातला लेथ आता गाडीपेक्षा मोठा वाजतो. मला बरं वाटतं आणि ते मी लपवत नाही.

पुन्हा रस्त्यावर जायचं ठरतं, कारण डीबी किलरनं आकडे बदलणार. आणि यावेळी मिस्त्री त्यांचा स्वतःचा दाखवण्याचा पिगीबॅक लावून देतात. कपलरात कपलर, एकही वायर कापलेली नाही. सगळ्या चौकोनांत सरसकट ५ टक्के वाढ भरतात. “मुद्दाम. गंमत बघा.”

६० चा वेग. मीटर ०.९५ दाखवतो. भाचा आरशातून माझ्याकडे बघत ओरडतो, “बघा, रिच झाली!” मी त्याला वेग तसाच धरायला सांगतो. दहा सेकंद. ०.९६. वीस. ०.९८. उचगावचा पूल येईपर्यंत आकडा १.०० वर परत आलेला असतो आणि पुन्हा पहिल्यासारखा झुलायला लागतो. सेन्सरनं जास्त पेट्रोल पकडलं, ईसीयूनं तेवढं कापलं. ट्यूनर देतोय आणि ईसीयू काढून घेतोय. शहरातल्या ज्या चालीसाठी भाच्याला हा डबा हवा होता, तिथं तो काहीच करत नाही.

मूठ पूर्ण उघडल्यावर मात्र ०.८६. डबा काढून, नुसत्या डीबी किलरवर, ०.९०.

“फरक कळला का चालवताना?” परत आल्यावर मिस्त्री विचारतात.

भाचा बराच वेळ विचार करतो. “नाही,” तो म्हणतो. प्रामाणिकपणे म्हणतो, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

३,००० वरचे झटके उरतात. मिस्त्री मूठ पिळून बघतात: केबलमध्ये बोटभर ढिलाई. ती कमी केल्यावर झटके निम्मे होतात. उरलेले निम्मे राहतात. धुराचे नियम पाळणारं मिश्रण तिथं इतकं काटेकोर आहे की एकसारख्या मुठीवर इंजिन थोडं अस्वस्थ असतंच, असं मिस्त्रींचं म्हणणं. गरमीचंही तसंच. हवेवर आणि तेलावर थंड होणारं इंजिन महाद्वार रोडच्या गर्दीत तापणारच. त्यावर त्यांच्याकडे औषध नाही आणि आहे असं ते म्हणत नाहीत.

दीड वाजलाय. लेथवाले जेवायला गेलेत आणि बोळ एकदम शांत आहे. तपासणीची नळी उतरते, खिळ्याला लटकते. भाच्याची मूळ नळी, नवे गॅस्केट, मूळ सेन्सर. मिस्त्री टॉर्क पाना घेऊन नट आवळतात. कट्. दुसरा. कट्.

मी भाच्याला वही काढायला लावतो. तारीख. किलोमीटर: ११,४१२. मीटरचा फोटो. सायलेन्सरचं पक्कं बिल कुठं आहे ते. कन्व्हर्टर आणि सेन्सर मूळचे, त्यांचे फोटो. दोन्ही फेऱ्यांचे आकडे, मिस्त्रींच्या सहीसह. पुढच्या सर्व्हिसिंगला सायलेन्सर बदलल्याचं आपणहून सांगायचं आणि जॉब कार्डवर लिहून घ्यायचं. विमा कंपनीलाही पत्र. आणि जर कधी न जुळणाऱ्या कारणावरून दावा नाकारलाच, तर नकार लेखी मागायचा, कारणासकट. तोंडी नकार घेऊन ग्राहक आयोगात उभं राहणं अवघड असतं. त्याआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो लिहितो. अक्षर बहिणीसारखंच आहे, तिरकं.

“खोकं परत घेईल दुकानदार?”

“सील हाय तसं हाय,” मिस्त्री म्हणतात. “मी फोन करतो त्याला.”

तीन टक्क्यांचं काय करायचं, असं भाचा विचारतो. वॉरंटी संपायला २२ महिने आहेत. तोवर मूळ फिल्टर तसाच ठेवायचा, मूठ जपून पिळायची, असं मला वाटतं. मिस्त्री मान हलवतात. पुढं फिल्टर बदलायचा झाला तर पुन्हा मोजायचं, ती नळी खिळ्यावर आहेच.

शेवटचा नट. कट्.

भाचा वही मिटायला लागतो.

“क्लॅम्प सैल होती ते लिहिलं का?” मी विचारतो.

तो थबकतो. “तेही? ते तर मीच बसवलं होतं.”

“तेही.”

तो वही मांडीवर उघडतो, पेनाचं टोपण दातात धरतो आणि लिहितो: डाव्या सायलेन्सरची क्लॅम्प नीट आवळलेली नव्हती. मी स्वतः बसवली होती. आज दुरुस्त केली.